सहाव्या जागेचं दही

निवडीच्या शर्यतीत माझ्या सासूबाईंनी मला तीन वेळा मागे टाकलं. तिन्ही वेळा त्या रिक्षात होत्या, हे आधीच सांगितलेलं बरं.

क्रॉसकंट्री म्हणजे चांगला डांबरी रस्ता सोडून खाचखळग्यांतून, बांधावरून, म्हशींच्या मधून धावणं. राज्य स्पर्धेसाठी धारवाडच्या आमच्या बायकांच्या संघातून सहाजणी जाणार होत्या, आणि आम्ही होतो सातजणी. त्यातल्या पाचजणी हरणाच्या जातीच्या; त्यांचं ठरल्यातच जमा. उरली सहावी जागा. तिच्यासाठी मी आणि बँकेत काउंटरवर बसणारी गिरिजा. ही गिरिजा माझी मैत्रीण. रोज सकाळी आम्ही बरोबर धावायचो, एकाच बाटलीतलं पाणी प्यायचो. आमचे प्रशिक्षक हिरेमठ सर, त्यांनी ‘रविवारी केलगेरीच्या तलावाकडे ट्रायल’ असं जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाई स्वतःची बाटली आणायला लागली!

मला ती जागा हवी होती. फार हवी होती. शाळेत लंगडीच्या संघातसुद्धा मला कधी कुणी घेतलं नाही. मी बाहेर बसून सगळ्यांच्या चपला राखायची. आता चाळिशीत, पाठीवर नाव छापलेला संघाचा टी-शर्ट पहिल्यांदाच दृष्टिपथात आला होता. (माप मी आधीच देऊन ठेवलं होतं.)

रविवारी मी बूट हातात घेऊन, चोरपावलांनी घराबाहेर पडले. कारण सासूबाई! आमच्या घरातून महत्त्वाच्या कामाला निघताना हातावर दहीसाखर घ्यावीच लागते. परीक्षा, मुलाखत, कोर्टाची तारीख, दाढ काढणं, सगळ्याला दही. त्यात सासूबाईंची दहीसाखर म्हणजे चमचाभर नव्हे, चांगली वाटीभर! एवढं दही पोटात घेऊन धावलं की पुढे काय होतं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तेव्हा दार हळूच ओढून घेतलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होत केलगेरी गाठलं.

हिरेमठ सरांनी सगळ्यांना गोळा करून बजावलं, “वाटेला फाटे लई आहेत. लाल कापड बांधलेली रिक्षा पुढं असेल. ती जाईल तिकडं जायचं. आपलं डोकं चालवायचं नाही! तिळीतेन्री?”

कळलं, म्हणून आम्ही माना हलवल्या. शिट्टी वाजली. रिक्षा मात्र जागची हलली नाही, कारण रिक्षावाला बसण्णा चहा पीत होता. “सुरुवातीला सरळच वाट आहे की! व्हा तुम्ही पुढं, मी आलोच मागनं,” तो म्हणाला.

पाच हरिणी पार पुढे निघून गेल्या. मी आणि गिरिजा खांद्याला खांदा लावून मागे. थोड्या वेळानं पाठीमागून फटफट ऐकू आली, रिक्षा आमच्या बरोबरीला आली आणि तिच्यातून चमचा धरलेला एक हात बाहेर आला. हातात माझ्या चांगल्याच ओळखीच्या हिरव्या बांगड्या!

“थांब गं! दही न खाता कुठं पळायलीस?”

माझं काळीज थांबलं. पाय तेवढे चालू राहिले. “आई! तुम्ही इथं कशा?”

“बसनं आले. ही रिक्षा मोकळीच होती. बसले!”

“अहो, ती आम्हाला वाट दाखवायची रिक्षा आहे!”

“दाखवू दे की, मी कुठं नको म्हणतेय? आ कर!”

मी तोंड घट्ट मिटून घेतलं. “लेट आतु, अज्जी!” म्हणत, उशीर झाला म्हणून बसण्णानं रिक्षा पुढे काढली. सुटले, असं मला वाटलं.

आणि पुढच्याच चढावर माझ्या अंगावर काटा आला. आमच्या पाचही हरिणी उलट्या दिशेनं, थेट माझ्या अंगावर धावत येत होत्या! त्यांच्या पुढे रिक्षा. सासूबाईंनी ती माघारी वळवायला लावली होती, आणि पाचजणींनी सरांच्या हुकमाप्रमाणे आपलं डोकं अजिबात चालवलं नव्हतं!

“आई, धावताना खायला सरांची मनाई आहे!” मी ठोकून दिलं.

“सरांना काय कळतंय? त्यांच्या आईला विचार!” चमचा माझ्या नाकापर्यंत आला. मी मान फिरवली. मग दही वाया जाऊ नये म्हणून सासूबाईंनी तो चमचा गिरिजापुढे धरला, आणि तिनं धावता धावता गपकन खाल्ला!

“छलो ऐत्री, अज्जी!” दही छान झाल्याची पावतीही गिरिजानं देऊन टाकली.

“बघ! शिक जरा!” सासूबाई मला म्हणाल्या. रिक्षा पुन्हा वळली, मागोमाग हरिणी वळल्या, आणि सगळी वरात मला मागे टाकून गेली.

पुढे फाटा होता. डावीकडे तलाव, उजवीकडे देवीचं देऊळ. रिक्षा उजवीकडे वळली. मी ओळखलंच! सून ऐकत नाही म्हटल्यावर सासूबाई थेट देवीकडे गाऱ्हाणं घेऊन निघाल्या होत्या. हरिणी तिकडेच वळल्या. गिरिजाही वळायला लागली.

“अगं, तिकडं नको! त्या देवळात निघाल्यात!” मी ओरडले.

गिरिजानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या काउंटरवर खोटी नोट सरकवली होती. “असं होय, ताई? मला चुकीच्या वाटेला लावून जागा तुम्ही घेणार? सर काय म्हणाले? रिक्षा जाईल तिकडं!”

आणि ती गेली! आता सांगा, माझा काय दोष? मन साफ, वाट मोकळी, आणि जन्मात पहिल्यांदा मी सगळ्यांच्या पुढे! ससा-कासवाची गोष्ट मी वर्गात शिकवते, तेव्हा झाडाखाली झोपले वगैरे नाही. जीव तोडून धावले. घशाला कोरड पडली, पोटऱ्या ओरडायला लागल्या, तरी थांबले नाही. शेवटच्या वळणावर हिरेमठ सर दिसले आणि मला टी-शर्टाचा रंगसुद्धा दिसायला लागला.

तेवढ्यात मागून फटफट आली.

रिक्षा माझ्या शेजारून गेली. तिच्या मागून पाच हरिणी, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांच्या मागून गिरिजा, प्रसादाचं खोबरं चघळत! मी तिथेच मटकन बसणार होते, पण म्हटलं, निदान पोचावं तरी.

“सर, ह्या सगळ्या वाट चुकल्या!” मी धापा टाकत म्हणाले. “देवळाला वळसा घालून आल्यात! मैलभर जास्त धावल्यात!”

“हौदु,” सरांनी शांतपणे होकार दिला. “आणि तरी तुमच्या आधी आल्या!”

सहावी जागा गिरिजाला गेली. मला राखीव ठेवलं, म्हणजे पुन्हा चपलाच सांभाळायच्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. गिरिजानं आपली बाटली पुढे केली, आणि मी ती रागाच्या भरात सगळी पिऊन टाकली.

सासूबाई रिकामी वाटी पदरानं पुसत उतरल्या. “देवळात मी सगळ्या पोरींना दही दिलं,” त्या म्हणाल्या. “सातजणींत खाल्लं नाही ते तू एकटीनं. आता बोल!”

आता मी कोपऱ्यावरून दही आणायला निघाले, तरी आधी दही खाऊन निघते.