उघडी राहिलेली फाईल
सांडगी मिरची तळल्याचा वास आला की अड्यारचं ऑफिस आठवतं. विंडोजवर युनिक्सच्या कमांड चालवायचं सॉफ्टवेअर मी नुकतंच टाकलं होतं, आणि त्या तोऱ्यात फायली पुसायची कमांड भलत्याच, सगळ्यांच्या सामायिक फोल्डरवर चालवली. उरली एकच फाईल, सगळ्यांचं वर्षभराचं काम एकत्र केलेली. ती कुणाकडे तरी उघडी होती, म्हणून विंडोजने पुसू दिली नाही. शेजारच्या टेबलावरच्या तंजावरच्या अक्का ती तशीच उघडी टाकून जेवायला जायच्या, आणि मी रोज चिडायचो. त्या डबा घेऊन परतल्या. “अय्यो, आजही बंद करायची राहिली. रागावू नको रे!” मी त्यांच्या डब्यातली उरलेली मिरची तोंडात टाकली. डोळ्यांत पाणी आलं, तशी त्यांनी घाईने ताक पुढे केलं. त्या पाण्याचं खरं कारण मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.