द्राक्षबागेतली वीस पावलांची रेल्वे

माझं आयुष्य बदललं ते मंगळवारी सकाळी, इंदिरानगरातल्या चहाच्या टपरीवर. हर्षदा चहात खारी बुडवत म्हणाली, "स्थळ आलंय. दिंडोरीकडचे, द्राक्षवाले. त्यांच्या गावात जुनी छोटी रेल्वे होती म्हणे." गेली दोन वर्षं या मुलीला मनातलं एक वाक्य मी बोललो नव्हतो. तेव्हाही बोललो नाही. म्हणालो, "नॅरोगेज? अरे वा!" तिची खारी चहात पडली. माझं काय पडलं ते विचारू नका.

शनिवारी बाइक काढली. आईला, हर्षदाला आणि तुम्हा वाचकांना सांगायचं कारण: रेल्वेचे अवशेष शोधणं. खरं कारण: नवऱ्या मुलात खोट शोधणं. दारू, तंबाखू, निदान टक्कल तरी.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. सातला निघा, दोनशेचं पेट्रोल जाऊन-येऊन पुरतं. वाटेत मिसळ खा. मी खाल्ली नाही, कारण प्रेमभंगात भूक मरते असं ऐकलं होतं. दहा वाजता कळलं, मरत नाही. गावाचं नाव देणार नाही. एवढ्या पाहुणचाराची परतफेड म्हणून तिथं सेल्फीवाले सोडणं बरं नव्हे.

ही लाईन प्रवाशांची नव्हतीच. धरण बांधताना खाणीतून दगड वाहायला टाकलेली, अडीच फूट रुंदीची. धरण झालं, लाईन वाऱ्यावर. तिसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेज सोडलेल्या माणसाला असल्या अर्धवट गोष्टींची ओढ असतेच. आज उरलाय तो बाभळींनी भरलेला भराव आणि ओढ्यावरची घडीव दगडाची एक मोरी. मोरीवर कुणाची तरी गोधडी वाळत होती. 'हेरिटेज, हेरिटेज' करणाऱ्यांनी जरूर यावं आणि ती गोधडी उलटून द्यावी.

शेजारी एक आबा शेळ्या राखत बसले होते.

"आबा, रूळ कुठं गेले?"

"गावात. शाळंची घंटा रुळाची, द्राक्षाच्या मांडवाचे खांब रुळाचे, माझ्या गोठ्याचं आढं रुळाचं. तुम्ही कोणाकडचे?"

"कोणाकडचा नाही. रूळ बघायला आलोय."

आबा बोळक्या तोंडानं हसले. "आमच्या पोरीच्या टायमाला आम्ही बी म्हशी बघाया गेलतो. म्हशी लय झ्याक होत्या, जावई बी बरा निघाला. चला, घर दाखवतो."

मी मुलीकडचा, गुपचूप चौकशीला आलेला, हे गावानं दहा मिनिटांत ठरवून टाकलं. मी नाही म्हणणारच होतो, पण तेवढ्यात पोहे आले.

"आमचा अमोल सुपारीसुद्धा खात नाय," मुलाची आई म्हणाली.

"आन् चिडत नाय," शेजारीण म्हणाली. हा टोमणा मला होता असं मला उगाचच वाटलं.

न विचारता फ्रिज दाखवला, बोअर दाखवली, नवा संडास दाखवला. संडासाच्या फरश्या माझ्या भविष्यापेक्षा चकचकीत होत्या.

मग बागेतून अमोल आला. टक्कल नाही. "रूळ बघायचेत ना दादा? चला." अख्ख्या गावात माझ्या थापेवर विश्वास ठेवणारा हा एकटा!

बागेच्या कडेला वीस पावलं लाईन जशीच्या तशी होती. तिच्यावर त्यानं ट्रॉली बसवली होती. द्राक्षाचे क्रेट रचायचे आणि शेडपर्यंत ढकलायचे. "डिप्लोमा अर्धा सोडला, पण वेल्डिंग शिकलो," तो म्हणाला.

म्हणजे बघा! कॉलेज अर्धवट सोडलेला मी रिकामटेकडा आणि कॉलेज अर्धवट सोडलेला हा प्रगतिशील शेतकरी. मध्ये फरक सहा एकरांचा. डोकं तापलं. पण ट्रॉलीला हात लावला तर ती आवाज न करता सरकली. वेल्डिंगसुद्धा चांगलं! माणसानं चिडायचं तरी कशावर?

"दादा, एक विचारू? तिच्या मनात दुसरं कुणी असंल तर आत्ताच सांगा. मागनं नको."

एक 'हो' म्हटलं की स्थळ मोडलं. तो 'हो' जिभेवर आलाही होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "कधी विचारलंच नाही."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मग वाकून रुळाजवळचा एक सुटा खिळा उचलला. "रूळ बघाया आले आन् एक फोटो नाय काढला तुम्ही. हा घ्या. तिला द्या, नायतर ठेवून घ्या. पण विचारा."

संध्याकाळी घरी आलो. गंजलेला, वीतभर लांबीचा खिळा टेबलावर ठेवला. जावं का तिकडे? जरूर जा, हंगामात जा, शाळा सुटताना ती रुळाची घंटा ऐका. मात्र कुणात खोट शोधायला जाऊ नका. आपलीच सापडते.

हर्षदाचा मेसेज आला: "कशी होती रेल्वे?" 'छान' लिहिलं. खोडलं.

"आता कुठं निघालास? भाकरी टाकलीय," आई म्हणाली.

"हर्षदाकडे. एक विचारायचंय."

"फोनवर विचार की."

"फोनवर जमलं असतं तर दोन वर्षं लागली नसती."

आईनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडून माझ्याकडे पाहिलं. मी खिळा खिशात घातला, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.