पाहुण्यांचं पाणी

जत तालुक्यातल्या हरणाबाईच्या गावात घरटी पाण्याचे दोन माठ असत. एक रोजचा. त्यातलं पाणी गावच्या विहिरीचं, मचूळ. तापवलं की भांड्याला पांढरा थर धरायचा आणि डाळ काही केल्या शिजायची नाही. दुसरा माठ लहान, तोंडाला फडकं बांधलेला. त्यात दोन कोसांवरच्या मळ्यातून डोक्यावर आणलेलं गोडं पाणी. ते घरच्यांनी प्यायचं नाही, ते पाहुण्याचं. पोर तापानं फणफणलं तरी त्या माठाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण उंबऱ्यात परका माणूस आला की पहिला तांब्या त्यातलाच. आणि ह्याच रिवाजापायी हरणाबाई एक दिवस सांगलीत गोत्यात आली.

बाहत्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि त्याच साली नवराही गेला. खडी फोडून फोडून हाताला घट्टे पडले, तेव्हा ती लेकीला, बनाला, घेऊन सांगलीला आली आणि एका कॉलेजात झाडलोट करू लागली. अठ्ठ्याहत्तर साली प्राणिशास्त्राच्या विजयमालाबाईंनी तिला आपल्या प्रयोगशाळेत मागून घेतलं. बाई पलूसकडच्या, उसाच्या रानातल्या, सुभेदाराची लेक. बोलणं तोडून, मन लोण्यासारखं. नोकरी मात्र हंगामी होती. दर जूनला पुढच्या वर्षाच्या मुदतीवर हेडक्लार्कची सही होईपर्यंत हरणाबाईला घास गोड लागत नसे.

काम मात्र तिला लय आवडायचं. काचेच्या पेट्यांत बोटभर लांबीचे, निळ्या पट्ट्यांचे मासे होते. उजाडलं की माद्या अंडी घालत आणि लगेच वळून तीच अंडी गिळत. म्हणून पेटीच्या तळाशी पोरांच्या खेळातल्या गोट्या पसरायच्या. अंडी फटींत पडत आणि वाचत.

"आय हाय का वैरीण!" हरणाबाई माशांना रोज शिव्या घालायची, आणि नळीनं एकेक अंडं वेचून बशीत ठेवायची. दुर्बिणीसारख्या त्या सूक्ष्मदर्शकातून बाईंनी तिला अंडं दाखवलं, तेव्हा ती बघतच राहिली. काचेसारखं स्वच्छ अंडं, आणि त्यात एकाचे दोन, दोनाचे चार होणारे गोळे. देवाचा कारखाना इतका उघडा असतो हे तिला ठाऊक नव्हतं.

बाईंचा शोध वेगळाच होता. एकाचे दोन होताना अंड्यातलं कॅल्शियम कुठं आणि कधी जागं होतं, ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यासाठी परदेशातून एक औषध आलं, समुद्रातल्या एका चमकणाऱ्या जिवापासून काढलेलं. कॅल्शियम लागलं की ते उजळतं. बर्फात घालून आलेल्या पाच नळ्या, प्रत्येकीत अर्धा थेंब. केसाएवढ्या काचेच्या सुईनं ते अंड्यात टोचायचं आणि अंधारात, उजेड वाढवून दाखवणाऱ्या उसन्या यंत्रातून फोटो घ्यायचा. अंधारासाठी हरणाबाईनं बापाच्या दोन काळ्या घोंगड्या खिडकीवर ठोकल्या. मग काजव्याचीसुद्धा आत यायची टाप नव्हती.

एवढ्या लांबून आलेलं मोलाचं औषध म्हणजे पाहुणाच, मग हरणाबाईचा जीव कसा राहावा? बशीतलं पाणी बाईंनी क्षार मोजून तयार केलेलं असायचं. त्या बाटलीच्या गळ्याशी पांढरं कडं धरलेलं तिला दिसलं आणि तिचं मन खट्टू झालं. हे तर आपल्या विहिरीसारखं! पाहुण्याला असलं पाणी? शेजारी डिस्टिल पाण्याची बरणी होती, उकळून थेंब थेंब गोळा केलेलं, पांढऱ्याचा टिपूस नसलेलं. तिनं गुपचूप त्या पाण्यानं बशा धुतल्या आणि अंडीही त्याच पाण्यात ठेवली. कुणाला सांगितलं नाही. पाहुण्याला काय दिलं ते बोलून दाखवायचं नसतं.

पहिल्या दिवशी अंडी बिघडली. दुसऱ्या दिवशीही. गोळे एकमेकांना धरून राहीनात, पाक चुकलेल्या लाडवासारखे सुटे होऊ लागले. चार नळ्या संपल्या. बाईंना जेवण जाईना.

"औषधच वाटेत खराब झालं असणार," बाई म्हणाल्या. "आज तसं कळवते आणि काम बंद करते. पण गंमत बघा हरणाबाई, पेशी अशा सुट्या होतात त्या पाण्यात कॅल्शियम नसलं की. तुमच्या जतच्या भांड्यांना पांढरं बसतं ना, त्यात असतं ते. त्याच्यावाचून एक पेशी दुसरीला धरत नाही. आणि मी तर मोजून घातलंय!"

हातातली बशी हरणाबाईनं खाली ठेवली. जून तीन आठवड्यांवर होता. बना सातवीत. गप्प बसलं तर औषधावर जात होतं, तिच्यावर बोट येत नव्हतं. बाई पत्र लिहायला बसल्या, दोन ओळी लिहूनही झाल्या. आणि मग हिच्यानं राहवलं नाही.

"आवं बाई, लिवू नगा," ती म्हणाली. "त्या औषिदाची चूक न्हाई. म्या पानी बदललं. तुमचं पांढरं पानी म्या वतून दिलं आन् त्या बरणीतलं घातलं. पावण्याला चांगलं द्यावं म्हनून, बाई. मला काडा कामावरनं, पर त्याला नावं ठिवू नगा."

बाईंनी पत्र फाडलं आणि डोळे पुसत हसू लागल्या.

"काढू कशी तुम्हाला? तुम्ही गप्प बसला असता तर माझी चार वर्षं वाया गेली असती आणि मला कळलंही नसतं. उद्या पांढरं पाणी घाला. एक नळी शिल्लक आहे."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्या नळीवर काम झालं. दोघी घोंगडीआड श्वास रोखून बसल्या. संध्याकाळी फोटो धुऊन निघाला: काळ्या कागदावर एक फिकट गोल, आणि जिथून एकाचे दोन होत होते नेमकी तिथं, मधोमध, उजेडाची बारीक रेघ.

"ह्ये आमच्या हिरीतलंच?" हरणाबाईनं विचारलं.

"तेच," बाई म्हणाल्या. जूनची सही त्यांनी स्वतः हेडक्लार्कसमोर उभं राहून घेतली. त्या उपकाराची आठवण हरणाबाई जन्मभर काढत राहिली, आणि बाई तिच्या खरेपणाची.

सहा वर्षांनी बनाच्या साखरपुड्याला बाई एसटीनं, धूळ खात हरणाबाईच्या गावी आल्या. हरणाबाईनं धावत जाऊन लहान माठाचं फडकं सोडलं. बाईंनी तिचा हात धरला.

"ते नको. रोजचं द्या."

"मचूळ हाय वो, बाई. लोकं काय म्हनतील?"

"पाहुणी मी आहे ना? मग मला चांगलं द्या."

हरणाबाईनं मोठ्या माठात तांब्या बुडवला. भरल्या मांडवात बाई ते पाणी घटाघटा प्यायल्या. ज्या पाण्याची हरणाबाईला आयुष्यभर लाज वाटली होती, ते संपवून त्यांनी रिकामा तांब्या पुढं केला, आणि तिनं तो पुन्हा भरला.