द्रोणाची मशीन आणि जवसाचं तेल

घरात काहीही कुरकुरलं की माझ्या हाताला खाज सुटते. दाराच्या बिजागऱ्या, पंखा, शेजाऱ्यांची सायकल, मी कुणालाच कोरडं सोडत नाही. सौंसरच्या कचेरीत दिवसभर कागद सरकवणाऱ्या माणसाला एवढा तरी पराक्रम हवाच. पण बायकोनं द्रोणाची मशीन आणली आणि दर रविवारी तिची साफसफाई स्वतःच करू लागली, तेव्हा मला डावलल्यासारखं झालं.

मशीन साधी, हाताची. खालचा साचा विजेवर तापतो, वरचा दोन उभ्या दांड्यांवरून खाली येतो. मध्ये पळसाची टाचलेली पानं ठेवायची, हँडल ओढायचं, पाच मोजेपर्यंत धरायचं. द्रोण तयार.

बुद्ध पौर्णिमेच्या भोजनदानाला विहारातल्या बायकांनी पहिल्यांदाच तिला सहाशे द्रोण सांगितले. दोघीतिघींना दुकानातले थर्माकोलचे हवे होते. ही सगळ्यांसमोर उठून म्हणाली, माझे येतील, शब्द देते. घरी येऊन मात्र बराच वेळ पाणीच पीत बसली होती. अर्धे द्रोण झाले आणि तिच्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला आठ दिवस पांढुर्ण्याला जावं लागलं. उरलेले पौर्णिमेच्या आदल्या दिवशी करीन म्हणाली. मशीनला हात लावू नका, असं काही म्हणाली नाही. मी त्याचा सोयीस्कर अर्थ काढला.

मशीनजवळच्या फळीवर मला मशीन ऑइलची बाटली दिसली. लोक ज्यात खीर खाणार त्याच्या आसपास हे तेल? मी बाटली माळ्यावर टाकली आणि स्वयंपाकघरातून जवसाचं तेल आणलं. आमच्याकडे ते चटणीवर घेतात, म्हणजे पोटात गेलं तरी अपाय नाही. पहिल्या दिवशी दांडे असे चकाकले की मी खूश होऊन साचा तापवून पाहिला. दुसऱ्या दिवशी अजून एक हात. पाचव्या दिवशी दांडे थोडे चिकट लागले, म्हणून मी तेल वाढवलं.

ती सकाळच्या गाडीनं आली आणि पिशवी ठेवून थेट मशीनपाशी गेली. हँडल जागचं हललं नाही. मग मी ओढलं. मग जवळजवळ लोंबकळलो. उन्हानं लोखंड फुगलं असेल, असं मी ठोकून दिलं. तिनं दांड्यावर नख ओढलं, नखात पिवळी साल आली. माझ्याकडे न बघता तिनं पांढुर्ण्याच्या मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

त्यानं विचारलं, काय लावलं होतं. मला सांगावं लागलं.

"जवस? साहेब, ते तर सुतार दाराले लावते, चमक याले. वाळलं का कातडं धरते. अन् तुम्ही वरून गरमी देऊन राहिले."

पुढचे तीन तास मी मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणे दांड्यांना डिझेलचे बोळे लावून तारेच्या घासणीनं खरडत होतो. ती शेजारी बसून पानं टाचत होती. मी म्हणालो, तुझं मशीन ऑइलच बरं होतं.

"ते शिलाई मशीनचं होय," ती म्हणाली. "हिले मी शिसपेन्सिल घासतो, कोरडी. साल होत आलं, तुम्ही एकदा तरी इचारलं काय, काय लावतेस म्हून?"

नव्हतं विचारलं. मी दांडा खरडत राहिलो. दांडे साफ झाल्यावर तिनं पेन्सिल आणली, वरपासून खालपर्यंत घासली, फडक्यानं पुसली आणि हँडल एका बोटानं खाली आणलं. दिवेलागणीपर्यंत तीनशे द्रोण झाले. मी फक्त पानं देत होतो, आणि तेही तिनं दोनदा सांगितल्यावर सरळ बाजूनं.

दुसऱ्या दिवशी विहारात पंगत बसली. खीर कुठंच गळत नव्हती. थर्माकोलवाल्या मावशी माझ्याजवळ थांबल्या. द्रोण लई मजबूत झाले, मशीन तुम्हीच सांभाळत असान, म्हणाल्या.

बायको दोन पानं पुढे वाढत होती. मी जरा मोठ्यानंच सांगितलं, "नाही मावशी. मी तर बंद पाडली होती. चालू हिनं केली. सगळं हिचंच हाय."

मावशी कौतुकानं हसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "पाय बाई, एवढं करून बी बायकोचं नाव घेते. असा माणूस भेटला पायजे."

सगळी पंगत माझ्याकडे बघू लागली. मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तोवर बायको खिरीची बादली घेऊन माझ्यापाशी आली होती. माझ्या द्रोणात वाढता वाढता ती हळूच म्हणाली, "राहू द्या आता. जितकं सांगान, तितकी मशीन तुमचीच होईन."