गॅलरीतून उतरलेला बॅरिटोन

इटलीतल्या पार्मात ऑपेराला जाणारे दोन प्रकारचे. खाली मखमली खुर्च्यांत बसतात ते झोपतात. वर छताखालच्या गॅलरीत दाटीवाटीनं बसतात ते गाणाऱ्याची सालं काढतात. नेरेओ फोर्नासारी वरचा. दिवसभर बापाच्या दुकानात डुकराच्या तंगड्या टांगायचा आणि संध्याकाळी एप्रनसकट गॅलरीत हजर. त्यानं वरून नुसतं 'छ्या!' केलं तरी खाली बायकांच्या हातातले पंखे थांबायचे.

त्या हिवाळ्यात मिलानहून एक नावाजलेला बॅरिटोन आला होता. बॅरिटोन म्हणजे मधल्या पट्टीतला भारदस्त आवाज. त्याच्या वाट्याला खलनायक नाहीतर मुलीचा बाप. प्रेम करायचं ते वरच्या पट्टीतल्या टेनरनं. दुसऱ्या अंकात या पाहुण्यानं वरचा सूर चोरला. नेरेओला राहवेना. उभा राहून त्यानं तीच ओळ वरूनच खणखणीत गाऊन दाखवली.

पाहुण्यानं डोक्यावरचा टोप काढून आपटला. "एवढं येतंय ना? मग ये खाली आणि गा तूच!" म्हणाला आणि तरातरा निघून गेला.

गॅलरीनं नेरेओला अक्षरशः जिन्यावरून खाली ओतलं.

वादकांचे संचालक, माएस्त्रो, घामाघूम झाले होते. "पुढचं सगळं येतं का रे?"

"सगळ्यांचंच येतं, माएस्त्रो. बाईचंही."

"बाईचं राहू दे!"

कपडेपटात आर्जिया नावाची शिंपीण होती. तोंडात टाचण्या धरून तिनं पाहुण्याचा कोट नेरेओच्या अंगावर कसाबसा चढवला.

"श्वास घेऊ नकोस. फाटेल."

"मग गाऊ कसा?"

"ते तुझं तू बघ."

पहिल्याच लांब सुराला कोट मागून टर्रकन फाटला. नेरेओनं उरलेला अंक प्रेक्षकांकडे तोंड करूनच गायला आणि शेवटी उलट्या पावलांनी आत गेला. गॅलरी वेडी झाली. आत आर्जिया हसून हसून खाली बसली होती आणि टाचण्या चहूकडे सांडल्या होत्या. त्या वेचता वेचता नेरेओ प्रेमात पडला.

वसंतात त्याला रीतसर खलनायकाचं काम मिळालं. आई चेझिरा आयुष्यात पहिल्यांदाच नाटकाला आली आणि गॅलरीत पुढेच बसली. नेरेओनं नायिकेचा हात धरून तिला फरफटत नेलं, तसा वरून आवाज आला, "नेरेओ! सोड त्या पोरीला! हेच शिकवलं का रे मी तुला?"

"हो आई," नेरेओ म्हणाला आणि त्यानं हात सोडला.

नायिका मोकळीच उभी. तेवढ्यात तलवार उपसून टेनर धावत आला, तर सोडवायला कुणी नाहीच! बिचाऱ्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि तलवार म्यान केली. माएस्त्रोंनी तोंडात रुमाल कोंबला. खालच्या खुर्च्यांतले लोकसुद्धा त्या दिवशी जागे होते.

पुढं नेरेओ लिस्बनला गायला, ब्युनोस आयरेसला गायला. आर्जिया बायको म्हणून बरोबर असायची आणि त्याचे कोट मागून दुहेरी शिवायची. परगावी लोक त्याला घाबरायचे, कारण असा दुष्ट माणूस त्यांनी रंगमंचावर पाहिलाच नव्हता. घरी मात्र तो कोंबडी कापायलाही शेजाऱ्याला बोलवायचा.

केस पांढरे झाल्यावर निरोपाचा प्रयोग त्यानं पार्मातच केला. शेवटी छातीत खंजीर लागून मरायचं होतं. तो इतका सुरेख मेला, की गॅलरी ओरडली, "पुन्हा! पुन्हा मर!" नेरेओ उठला, कपडे झटकले आणि पुन्हा मेला. गॅलरीचं समाधान होईना, म्हणून तिसऱ्यांदा मेला, आणि या खेपेला आधीपेक्षा लांबवून.

तो चौथ्यांदा उठायला लागला तेव्हा विंगेतून आर्जियाचा आवाज आला, "पुरे आता मरणं! घरी रश्श्यातले आनोलिनी निवताहेत!"

ते ऐकून गॅलरी एका सुरात ओरडली, "जेवायला जा!"

आणि नेरेओ फोर्नासारी छातीत खंजीर तसाच ठेवून, खाली वाकून नमस्कार करून, जेवायला गेला.