तांबडीचं पोट

आमच्या वन्सं घोड्यांच्या डॉक्टर. चणीने एवढ्याशा, घोड्याशेजारी उभ्या राहिल्या की शिडी घरी विसरून आल्यासारख्या दिसतात. पण एकदा मनावर घेतलं की घोडा हलेल, त्या हलायच्या नाहीत.

घोडेस्वारीच्या शाळेतली तांबडी घोडी चावायला लागली होती. खोगिराचा पट्टा आवळला की लाथ झाडायची, दाणा अर्धा टाकायची. शाळेच्या मास्तरांनी तिला कजाग ठरवून विकायला काढलं. सोमवारी तिला गाड्याला जुंपणारं गिऱ्हाईक येणार होतं. वन्संना तिच्या जठरात जखमा असाव्यात अशी शंका. मास्तर म्हणाले, डोळ्यांना दाखवा, मग बोला.

दाखवायचं म्हणजे नाकातून तीन मीटर लांब कॅमेऱ्याची नळी थेट जठरात घालायची. त्यासाठी पोट रिकामं हवं. शुक्रवारी दाणा-गवत बंद करायला सांगून वन्सं शनिवारी सकाळी गेल्या, तर पडद्यावर पेंढाच पेंढा. डॉक्टर येणार म्हणून घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराने कौतुकाने तांबडीखाली घोटाभर नवा पेंढा अंथरला होता. उपाशी घोडीने अंथरूणच खाल्लं. मास्तर म्हणाले, पोट तर गच्च आहे, जखमांना जागा कुठे? मोतद्दार बिचारा कानकोंडा झाला.

वन्संनी नळी धुऊन गुंडाळली आणि उद्या परत येते म्हणाल्या.

रविवारी पहाटे पाचला त्यांनी काडी न् काडी झाडून घेतली, घोडीच्या तोंडाला मुसकं बांधलं आणि बादली पालथी घालून दारात ठाण मांडलं. दुपारी मी डबा घेऊन गेले, तर डबा उघडेनात.

"वहिनी, ती बघतेय. तिच्यादेखत कसं खाऊ?"

शेवटी त्या गाडीत जाऊन जेवल्या आणि तेवढा वेळ बादलीवर मी. तांबडीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू उपास मीच सांगितला होता.

संध्याकाळी पाचला गुंगीचं इंजेक्शन दिलं. तांबडीची मान खाली झुकली, नळी आत गेली. आज पडदा स्वच्छ होता. फिकट अस्तरावर लाल-पिवळे खड्डे, दोन-तीन रक्ताळलेले. मास्तर वाकून बघतच राहिले.

"हिला एवढं दुखत असताना आम्ही पट्टा आवळत होतो?"

"रोज," वन्सं म्हणाल्या. "आता चार आठवडे औषध. दाणा कमी, पुढ्यात सतत गवत, पाठीवर कुणी बसायचं नाही. मग परत नळी घालून बघू."

"आणि तरी चावली तर?"

"तर गिऱ्हाईक मी शोधून देते."

मास्तरांनी तिथेच फोन लावला. घोडी आजारी आहे, आजारी जनावर मी विकत नाही, एवढंच सांगून ठेवून दिला. मोतद्दार गवताचा भारा घेऊन लगबगीने आला, तर वन्संनी त्यालाही थोपवलं: गुंगी उतरू दे आधी, घशात अडकेल. तसा भारा छातीशी धरून तो तांबडीच्या डोळ्यांकडे बघत उभा राहिला.