एक रिंग, म्हणजे सगळं ठीक

त्याला सगळे लेव्हल म्हणायचे. फरशीवाला. टाइल बसली की बोटाच्या पेराने टकटक वाजवून बघायचा आणि पोकळ वाटली की सुपरवायझर डोक्यावर उभा असला तरी उचकटायचा. म्हणायचा, "पोकळ काम माझ्या हातून जायचं नाही." ही असली घमेंड मला आवडते. माझ्यातही ती भरपूर आहे, म्हणून तर ठेकेदारांच्या डोळ्यांत मी कायम खुपत आलोय.

परदेशात आम्ही एकाच ठेकेदाराकडे आणि एकाच खोलीत होतो. दाराशी सिमेंटने पांढरे पडलेले बूट, आत खाटांवर खाटा, आणि सगळ्यांत मिळून एक प्लग. त्यावरून रोज जुंपायची.

विमानतळावर पाय टेकवल्या टेकवल्या ठेकेदाराच्या माणसाने आमचे पासपोर्ट गोळा केले, म्हणे "सांभाळून ठेवतो". आता बघा गंमत. पासपोर्टाशिवाय इथलं सिम मिळत नाही. इथलं सिम नाही, तर मॉलच्या दारातलं फुकटचं वायफायसुद्धा नाही, कारण त्याचा ओटीपी इथल्याच नंबरावर येतो. म्हणजे उरलं काय, तर घरचं सिम आणि रोमिंग. तुम्ही फोन लावलात तर पैसे, आणि समोरून आलेला नुसता उचललात तरी पैसे! खिसा कापायला इथे ब्लेड लागत नाही. फुकट एकच गोष्ट होती, न उचललेला फोन.

लेव्हलने त्यावरच संसार चालवला होता. संध्याकाळी कामावरून आला की आईची रिंग यायची. ती उचलायची नाही. मग याने एक द्यायची, ती तिने उचलायची नाही. अर्थ ठरलेला: सगळं ठीक. म्हातारीची रिंग मात्र लांबायची. चष्मा सापडायचा नाही, मग लाल बटण सापडायचं नाही. हा वाजत्या फोनकडे बघून हसायचा, "उजवीकडे गं, उजवीकडे!" सगळी खोली हसायची.

एके दिवशी रिंग आली आणि खटकन तुटली. दुसऱ्या दिवशीही तसंच. हा ठरल्याप्रमाणे आपली रिंग देत राहिला. बरेच दिवस गेले, आणि जिन्यात बूट काढता काढता मला म्हणाला,

"भाऊ, रिंग पोकळ वाजतेय."

"म्हणजे काय?"

"आई इतक्या चटकन कट करत नाही. हा धाकट्या भावाचा अंगठा आहे."

"मग लाव की फोन! कशाची वाट बघतोस?"

"कळून काय करू? पासपोर्ट काढून देतोस का ठेकेदाराच्या कपाटातून?"

माझं टाळकं सटकलं. तसाच ऑफिसात गेलो, टेबलावर मूठ आपटली. कारकून चहाचा कप बाजूला घेत म्हणाला, "साहेब आले की बघू. टेबल कंपनीचं आहे." भिंतीशी भांडून हात दुखतो, दुसरं काही होत नाही.

परत आलो तेव्हा लेव्हल जिन्यातच होता. माझ्याकडे न बघता त्याने फोन लावला, स्पीकरवर.

"दादा?" धाकट्याचा आवाज.

"आईला दे."

"आई... झोपलीय."

"या वेळी? उठव."

पलीकडे धाकटा रडायला लागला. रडण्याचेही पैसे कापतात, बोलण्याइतकेच. बॅलन्स जेमतेम होता, आणि रिचार्ज करायचा तर तो घरूनच, धाकट्याने. मी ओरडलो, "अरे बोल ना लवकर, फोन तुटेल!"

"दादा, तुला येता येणार नव्हतं, म्हणून आम्ही ठरवलं की—"

तुटला.

लेव्हलने फोन पायरीवर ठेवला. बोटाच्या पेराने ती पायरी एकदा वाजवली. उगाच.

दुसऱ्या दिवशी रिचार्ज झाल्याचा मेसेज आला. म्हणजे पोराने टाकले होते पैसे, दादाने फोन करावा म्हणून. संध्याकाळी रिंग आली आणि तशीच खटकन तुटली.

"आता तरी बोल त्याच्याशी," मी म्हणालो.

"बोललो तर तो सांगेल."

"तुला कळलंय रे सगळं!"

"कळलंय. पण त्याने एकदा सांगून टाकलं, की उद्यापासून रिंग कोण देईल?"

मी, कामगारांच्या सभा गाजवणारा माणूस, त्याच्या शेजारी टेकलो.

त्याने नंबर लावला आणि एक रिंग दिली. ठरल्याप्रमाणे, पलीकडे ती कुणी उचलली नाही.